बुणगे घरीं ठेवावे

प्रवासाच्या आदल्या रात्रीं शांतता नांदते असें घर आम्हीं अद्याप पाहिलेलें नाहीं. एकत्र कुटुंबांत तर विचारावयासच नको. पिशव्या भरल्या जातात, पुन्हां सोडल्या जातात. "असूं द्या, लागलें तर हाताशीं असावें," हें वाक्य घरांतील प्रत्येक माणूस एकदां तरी उच्चारतो. आणि पहाटे ओसरीवर जमलेला सामानाचा ढीग पाहून, ही मंडळी चार दिवसांच्या सहलीस निघाली आहे कीं बिऱ्हाड हलवीत आहे, असा प्रश्न शेजाऱ्यांस पडतो. ह्या "लागलें तर" नें आमच्या कुटुंबास एकदां मोठ्या संकटाच्या काठापर्यंत नेलें होतें. ती हकीकत, आणि तिच्यापासून आम्ही जें शिकलों तें, वाचकांपैकीं कोणाच्या उपयोगीं पडेल ह्या बुद्धीनें येथें सांगत आहों.

अलीकडे मोटारीच्या मागें लहानसा ट्रेलर जोडून, त्यांत तंबू व शिधा घालून, रानांत किंवा तलावाकाठीं दोन-चार रात्री मुक्काम करण्याची आवड आपल्याकडेही वाढूं लागली आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं चाकांवरच्या घरांतून, म्हणजे कॅरॅव्हॅनमधून, करावयाच्या पर्यटनाचें धोरणही जाहीर केलें. आमच्या पुतण्यानें तीन वर्षांपूर्वीं असा एक दुचाकी ट्रेलर घेतला. रिकामा असतां त्याचें वजन दीडशें किलो. आणि त्यांत अडीचशें किलोंहून अधिक भार घालूं नये असें बनविणारानें एका पाटीवर कोरून ठेवलेलें. ती पाटी आम्हां सर्वांस वाचतां येत होती. वाचली मात्र कोणीं नाहीं.

पहिली सहल भंडारदऱ्याची ठरली. दिवस मार्गशीर्षाचे. अहमदनगरहून (आतां शासनदरबारीं अहिल्यानगर) राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोलें, राजूर असा हा सुमारें दीडशें किलोमीटरांचा रस्ता. प्रवरेवरील धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याच्या मागें पसरलेला जलाशय, एका अंगास रतनगड, आणि उत्तरेस कळसूबाईचें १६४६ मीटर उंचीचें, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर. अशी ती जागा. आम्ही नऊ माणसें होतों: आमच्या चौऱ्यायशीं वर्षांच्या मातोश्री, आम्ही उभयतां, धाकटे बंधू व भावजय, पुतण्या व त्याची पत्नी आणि त्यांचीं दोन मुलें. मोटारी दोन, त्यांपैकीं जीपगाडीस ट्रेलर जोडलेला.

सामान ऐकावें. कापसाच्या गाद्या सहा, घडीच्या खाटा दोन, खुर्च्या सहा, घरचा मोठा गॅसचा सिलिंडर, पितळी घागर, दोन पराती, लहानमोठीं सात पातेलीं, धान्याचे व पिठांचे अकरा डबे, लोणच्याच्या दोन बरण्या, वीस-वीस लिटर पाण्याचीं दोन पिंपें, माणशीं एक फुगलेली बॅग, आणि सर्वांच्या शेवटीं आमची लोखंडी ट्रंक. रात्रीं दिव्याशीं निवांत वाचीत बसूं म्हणून आम्हीं तींत दोन कोश आणि कांहीं संस्कृत काव्यग्रंथ सटीक भरले होते. ट्रेलर तोंपर्यंत भरून गेला होता, म्हणून ट्रंक अगदीं मागच्या फळीपाशीं, सर्वांच्या वर, दोरीनें बांधली. त्याच दिवशीं सकाळपासून आम्ही घरांतील प्रत्येकास "एवढें कशास?" असें विचारीत हिंडत होतों, हेंही प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे.

अकोलें सोडल्यावर रस्ता डोंगरांत शिरतो. तेथें एका उतारावर जीपचा वेग थोडा वाढला, आणि मागील ट्रेलर डोलूं लागला. प्रथम हातभर, मग दोन हात, मग सारी जीपच शेपटीनें ओढल्याप्रमाणें डावीउजवीकडे जाऊं लागली. समोरून एस्‌. टी. ची बस येत होती. पुतण्यानें घाबरून ब्रेक दाबला, तों डोलणें अधिकच वाढलें. ट्रेलरचें एक चाक रस्ता सोडून कडेच्या दगडांत गेलें, कर्कश आवाज झाला, आणि सर्व कांहीं थांबलें. बस चार हातांवर उभी होती. त्या जीपमध्यें आमच्या मातोश्री आणि दोन्ही मुलें होतीं. कोणास ओरखडासुद्धां आला नाहीं. परंतु पुढें कित्येक दिवस आम्हांस झोपेंतही तो आवाज ऐकूं येत असे.

बसचे चालक उतरून आले. त्यांनीं ट्रेलरच्या भोंवतीं एक फेरी घातली, मागच्या फळीवर हात ठेवून किंचित् दाबलें आणि म्हणाले, "बाबा, गाडी उलाळ झालीया तुमची. मागं लोखंड भरलंय का काय?"

आम्ही त्यांस काय उत्तर देणार? लोखंड आमचेंच होतें.

"उलाळ" हा शब्द आम्हीं कित्येक वर्षांनीं ऐकला. आमच्या लहानपणीं नवरात्रांत मोहट्याच्या देवीस बैलगाडीनें जाणें होई. गाडी भरण्याचें काम वडील दुसऱ्या कोणावर सोंपवीत नसत. ओझें मागें जास्त झालें म्हणजे गाडी उलाळ होते. जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्यास फास बसतो. ओझें पुढें जास्त झालें म्हणजे ती धुरजड होते. सारा भार बैलांच्या मानेवर येतो आणि मान सोलवटते. म्हणून जड पोतें आंसाच्या किंचित् पुढें, तळाशीं. हलकें सामान मागें व वर. आणि भरून झाल्यावर वडील धुरेखालीं हात घालून ती सहज उचलते कीं नाहीं, पण हात सोडल्यावर खालीं बसते कीं नाहीं, हें पाहात. ज्यानें हें शास्त्र बापाच्या हाताखालीं पाहिलें, त्यानेंच साठी उलटल्यावर मोटारीच्या युगांत तें विसरावें, ह्याला काय म्हणावें?

ट्रेलरचें शास्त्र ह्याहून निराळें नाहीं. एकंदर भाराचे शंभर भाग केले तर सुमारें साठ भाग आंसाच्या पुढें व चाळीस मागें असावे. ट्रेलरचा दांडा मोटारीच्या हूकावर जो भार टाकतो तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतका असावा असा ढोबळ नियम आहे. ब्रिटनमध्यें पांच ते सात टक्के पुरे मानतात, अमेरिकेंत दहा ते पंधरा सांगतात. शिवाय मोटारीच्या हूकास जेवढा भार सोसतो त्याची मर्यादा ओलांडूं नये. दांड्यावर भार फार कमी पडला कीं ट्रेलर उतारावर शेपटीसारखा हलूं लागतो. फार अधिक पडला कीं मोटारीचीं पुढचीं चाकें हलकीं होऊन ती नीट वळेनाशी होते. आणि ट्रेलर डोलूं लागलाच, तर ब्रेक एकदम दाबूं नये, चक्र इकडेतिकडे फिरवूं नये. वेगावरचा पाय उचलावा, चक्र सरळ धरावें आणि गाडी आपोआप मंद होऊं द्यावी.

सामान अर्धें इकडे, अर्धें तिकडे करून आम्ही कसेबसे मुक्कामास पोंचलों. तेथें दोन दिवस राहिलों. जलाशयावर धुकें उतरतांना पाहिलें, अमृतेश्वराचें देऊळ पाहिलें. परतीच्या वाटेवर संगमनेरास चहाला थांबलों असतां आम्हीं सहज विचारलें, "कशी काय झाली सहल?" सर्वांनीं "छान" म्हटलें. भावजय मात्र थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "दादा, तुम्हीं तळें पाहिलेंत, देऊळ पाहिलेंत. मी दोन्ही दिवस चूलच पाहिली. ती नगरालाही होतीच कीं."

त्या रागानें बोलल्या नव्हत्या, म्हणूनच तें बोलणें लागलें. विचार करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. अकरा डबे बरोबर घेतले म्हणून अकरा डब्यांचा स्वयंपाक झाला. सात पातेलीं होतीं म्हणून सात पातेलीं घांसावीं लागलीं, आणि तींही थंडगार पाण्यानें. गाद्या रोज पसरावयाच्या, दंवानें ओल्या झाल्या म्हणून वाळत घालावयाच्या, पुन्हां गुंडाळावयाच्या. सामान आम्हीं पुरुषांनीं हौसेनें चढविलें. त्याची चाकरी मात्र स्त्रियांनीं केली. एकूण, त्या ट्रेलरांत एकच दोष नव्हता, दोन होते. एकानें रस्त्यावर जीव धोक्यांत घातला, दुसऱ्यानें मुक्कामावर सुख हिरावून नेलें. आणि दोहोंचें मूळ एकच.

पुढच्या रविवारीं आम्हीं अंगणांत सर्व सामान पुन्हां मांडलें. पुतण्यानें ओळखीच्या आडत्याकडून ताणकाटा आणला. प्रत्येक वस्तु टांगून वजन केलें आणि आम्हीं तें वहींत लिहिलें. बेरीज ३३५ किलो भरली. म्हणजे मर्यादेपेक्षां ८५ अधिक. गाद्यांचे ४०, सिलिंडरचे ३०, कपड्यांचे ६३. आणि आमची ट्रंक, २७ किलो! दोन दिवसांत तिचें कुलूप एकदांही उघडलें नव्हतें. मग सर्व कांहीं होतें तसेंच ट्रेलरांत भरून दांडा काट्यावर टेकविला. ४८५ किलोंच्या त्या भारापैकीं हूकावर अवघे चार किलो पडत होते. मातोश्री ओसरीवरून हा खटाटोप पाहात होत्या. त्या म्हणाल्या, "हे सगळे बुणगे रे तुझे!"

बुणगे! मराठ्यांच्या इतिहासाशीं परिचय असलेल्या घरांत ह्या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. लढणाऱ्या फौजेमागें चालणारा जो न लढणारा पसारा, माणसें, जनावरें, सामानसुमान, तो बुणगे. पानिपतावर १७६१ च्या जानेवारींत भाऊसाहेबांच्या फौजेस जीं अनेक संकटें नडलीं, त्यांत मागें असलेला हा पसारा एक होता. तो संभाळून, मध्यें घालून, गोल बांधून दिल्लीकडे सरकावयाचें होतें. आणि उपाशी पोटीं त्याला खाऊं घालावयाचें होतें. त्याच्याही आधीं औरंगजेब बादशहाची छावणी घ्या. इटालियन प्रवासी जेमेली करेरी यानें ती १६९५ सालीं गलगलें येथें पाहिली व तिचा घेर तीस मैल असल्याचें लिहून ठेवलें. त्या चालत्या शहरास हलकीं घोडीं आणि थोडा दाणावैरण घेऊन फिरणाऱ्या मराठी पथकांनीं कसें जेर केलें, हें सर्वश्रुत आहे. तो बादशहा १७०७ सालीं मेला तो आमच्या नगरजवळच्या भिंगारासच. एवढें उदाहरण दाराशीं असतां आम्ही त्यापासून कांहीं शिकलों नाहीं!

मौजेच्या प्रवासासंबंधानेंही हाच भेद दिसतो. गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या एका निवृत्त आरमारी डॉक्टरानें १८८५ सालीं इंग्लंडांत केवळ हौसेसाठीं चाकांवरचें घर बांधून घेतलें. तें सुमारें दोन टन वजनाचें, दोन घोड्यांनीं ओढावयाचें. बरोबर गाडीवान, कुत्रा, काकाकुवा, आणि पुढें तीनचाकी सायकलीवरून रस्ता मोकळा करीत जाणारा एक चाकर! ह्याच्या उलट, टॉमस होल्डिंग हा व्यवसायानें शिंपी. त्यानें सायकलीवर बांधून नेतां येतील असे हलके तंबू शिवले, १९०१ सालीं सायकलस्वार छावणीकरांचा एक संघ काढला, आणि १९०८ सालीं ह्या विषयावर मोठें पुस्तकही लिहिलें. डॉक्टरमजकुरांची मौज थोड्या धनवंतांपुरती राहिली. शिंप्याची मौज मात्र सायकल बाळगणाऱ्या कोणासही परवडण्यासारखी होती.

परंतु इंग्लंडास तरी कशास जावें? आपल्या पारनेर तालुक्यांतील ढवळपुरीकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणाकडे उतरतात, तेव्हां त्यांचें सगळें घर लहान घोड्यांच्या पाठीवर असतें. भांडीं, वाकळा, दाणे, खुराड्यांतील कोंबड्या, नुकतें जन्मलेलें कोंकरूं, आणि कधीं कधीं त्यावरच बसविलेलें तान्हें मूल. महिनोन् महिने ते असे राहतात. त्यांच्यापाशीं कमी आहे तें गरिबीनें आहे, आणि त्याचें काव्य करणें आम्हांस रुचत नाहीं. तरी एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. त्यांच्या घोड्यावर एकही वस्तु "लागलें तर" म्हणून चढविलेली नसते, आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. त्यामुळें वाडा मुक्कामास उतरला कीं थोड्याच वेळांत चूल पेटते.

हा सर्व विचार करून आम्हीं घरांत जे नियम घातले ते येथें देतों.

पहिला नियम, प्रत्येक सहलीनंतर सामानाचे तीन ढीग करावे. रोज वापरलें तें एक. एकदां वापरलें तें दुसरें. हातही लावला नाहीं तें तिसरें. तिसरा ढीग पुढल्या खेपेस घरीं राहावा. त्याला अपवाद तीनच: औषधांची पेटी, जादा चाक व अवजारें, आणि पावसासाठीं ताडपत्री. ह्या वस्तु न वापरतां परत आल्या तर देवाचे आभार मानावे. त्यांस बुणगे म्हणूं नये.

दुसरा, एका वस्तूनें दोन कामें करावीं. परात ही कणीक मळावयास आणि झांकण म्हणूनही चालते. कुकराचें भांडें वाढण्यासही होतें. गादीऐवजीं सतरंजी व घोंगडी. आपल्या आजोबांची वळकटी हीच खरी प्रवासी शय्या होती. कपड्यांची बॅग माणशीं चार किलोंची, मग ती कोणाचीही असो. कडक आकाराची पेटी नको, मऊ पिशवी असावी; ती सांदीकोपऱ्यांत बसते.

तिसरा नियम अन्नाचा. आमच्या आजीच्या वेळीं प्रवासास दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपापडी आणि मेतकूट असे. पहिल्या दिवसाचें जेवण घरूनच न्यावें. पुढें तांदूळ, मुगाची डाळ, भाजणी, मेतकूट, तूप आणि मसाल्याची एक डबी एवढ्यांत नऊ माणसांचें चालतें. डाळ-तांदूळ घरींच मापून, एकेका जेवणाची एकेक पुरचुंडी बांधावी. डबा न्यावयासच नको. शिवाय भंडारदऱ्यापाशीं शेंडीच्या आसपास आधीं सांगितलें असतां पिठलें-भाकरी मिळते. एक वेळचें जेवण तसें घ्यावें, म्हणजे गांवांतल्या घरांस चार पैसे मिळतात आणि आपल्या घरच्या स्त्रियांस एक वेळ सुटी.

चौथा, पाण्यांत काटकसर करूं नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हें ओझें सर्वांत मोठें. तरी उन्हाळ्यांत डोंगरांतील वाड्यांस स्वतःलाच पाण्याची ओढ असते. त्यांच्या हंड्यांतील पाणी मागून आपली सहल साजरी करणें शोभत नाहीं. इतर वस्तु कमी केल्या त्या ह्याच पाण्यासाठीं, असें समजावें.

पांचवा नियम मांडणीचा. आमच्या जिल्ह्यांतून दरवर्षीं श्रीनिवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीस जाते. तिच्या दिंड्यांच्या मालमोटारी रिकाम्या होतांना एकदां पाहाव्यात. मुक्कामीं प्रथम लागते ती वस्तु शेवटीं चढवावी, हें तेथें कोणास सांगावें लागत नाहीं. आम्हीं चार पेट्या केल्या व प्रत्येकीवर रंगानें अक्षर घातलें: स्वयंपाकाची, शिध्याची, दिव्यांची व अवजारांची, आणि अंथरुणांची. पेटीच्या झांकणाच्या आंत तिच्यांतील वस्तूंची यादी चिकटविली. आतां सांडशी कोठें आहे हें भावजयींस कोणी विचारीत नाहीं. नातूसुद्धां वाचून काढून देतो. भरतांना मात्र वजनाचा नियम आधीं: पाणी व शिधा आंसाच्या किंचित् पुढें तळाशीं, तंबू त्याच्या वर, अंथरुणें मागें. निघण्यापूर्वीं ट्रेलर समतल उभा करून, चाकांस दगड लावून, दांडा हूकाच्या उंचीच्या ठोकळ्यावर व ठोकळा वजनकाट्यावर टेकवून भार पाहावा. टायरांतील हवा पाहावी, हूकाची सांखळी व मागचे दिवे पाहावे. ट्रेलर हेंही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें वाहनच आहे; त्याची नोंदणी व विमा असल्याखेरीज तो रस्त्यावर आणूं नये.

सहावा नियम सामानाचा नव्हे, जिवाचा. थंडी कितीही असो, पेटती शेगडी बंद तंबूंत घेऊन निजूं नये. निखाऱ्यांपासून निघणारा विषारी वायु रंगगंधावांचून प्राण घेतो. सिलिंडर उभा व हवेशीर जागीं ठेवावा. संगमनेर-अकोलें भागांत बिबटे आहेत; खरकटें बाहेर टाकूं नये, मुलांस अंधारांत एकटें सोडूं नये. केर आपल्याबरोबर परत आणावा. जातांना शिध्यानें भरलेल्या पिशवींत येतांना केर राहतो. त्यासाठीं निराळी जागा लागत नाहीं.

हे नियम वाचून दाखविले तेव्हां घरांत सर्वांनीं मान डोलावली. परंतु प्रत्येकाची एकेक वस्तु अडून राहिली. बंधूंस खुर्ची हवी, सूनबाईस मिक्सर, मुलांस बॅट. आणि आम्हांस, लाज वाटते सांगावयास, एक तरी कोश. आमचा मोठा प्रश्न मात्र मातोश्रींच्या देवांचा होता. त्यांची पूजा चुकत नाहीं. आणि त्यांचे देव, संपुष्ट, समई, ताम्हन, घंटा मिळून सहा किलो होतात. त्यांस "देव घरीं ठेवा" असें म्हणण्याचें धैर्य कोणासही होईना.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मातोश्रींनीं आम्हांस हांक मारली. त्यांच्या हातांत एक लहान चांदीची डबी होती. तींत एक सुपारी, चिमूटभर अक्षता आणि कुंकू. म्हणाल्या, "हा आमचा गणपति. घरचे देव शेजारच्या वहिनी पाहतील. देवाला सुपारींत मावतां येतें, मग तुम्हांलाच एवढ्या पेट्या कां लागतात?"

त्यानंतर वादच उरला नाहीं. मिक्सर कपाटांत गेला. कोश आम्हीं स्वतः उचलून फडताळांत ठेवला. योगशास्त्रांतील पांच यमांत अपरिग्रह सांगितला आहे हें आम्हीं पस्तीस वर्षें मुलांना शिकविलें; तो आचरणांत कसा आणावयाचा हें आम्हांस एका सुपारीनें शिकविलें.

दुसरी सहल गेल्या वैशाखाच्या अखेरीस झाली. पावसाळ्याच्या तोंडावर कळसूबाई-हरिश्चंद्रगडच्या रानांत काजवे निघतात, ते पाहावयाचे होते. ह्या खेपेस ट्रेलरांत चाळीस लिटर पाणी धरून १९३ किलो सामान होतें, आणि हूकावर ३४ किलो भार. ज्या उतारावर पूर्वीं अनर्थ होतां होतां टळला, तेथें पुतण्यानें गाडी खालच्या गिअरमध्यें घातली. मातोश्रींनीं डोळे मिटून डबी हातांत धरली. ट्रेलर मुकाट्यानें मागून आला. उतार संपल्यावर जीपमध्यें कोणी कांहीं बोललें नाहीं. पण सर्वांनींच एकदम श्वास सोडला, तो ऐकूं आला.

मुक्कामास पोंचल्यापासून पाऊण तासांत तंबू उभे राहिले आणि चहा झाला. मागच्या खेपेस ह्यालाच अडीच तास लागले होते. उणीव एकच निघाली, सांडशी कोठेंच नव्हती. ती यादींत होती, पेटींत घालावयाची राहिली. दोन दिवस फडक्यानें भागविलें. दुसऱ्या रात्रींचें जेवण गांवांतून आलें. पानें उचलून झालीं, भांडीं तीन होतीं तीं पुतण्यानें व बंधूंनीं घांसलीं.

मग आम्हीं दिवे मालविले. उजेडानें काजव्यांस त्रास होतो. थोडा वेळ कांहींच दिसेना. मग समोरच्या एका झाडावर एक ठिणगी, मग दहा, मग सगळें झाडच एका तालांत उजळूं लागलें व विझूं लागलें. मुलें आजीला बिलगून बसलीं होतीं. आम्हीं वळून पाहिलें, तों भावजय सतरंजीवर भिंतीसारख्या एका खडकास टेकून, दोन्ही हात मांडींत ठेवून झाडाकडे पाहात होत्या. त्यांचे हात असे रिकामे आम्हीं ह्या पंचवीस-तीस वर्षांत पाहिल्याचें स्मरत नाहीं. आंत जाऊन निजावें असें कोणासच वाटेना. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, "दादा, पुढच्या वर्षीं सांडशी तेवढी आणूं या. बाकी कांहीं नको."

वाचकहो, ट्रेलर सर्वांपाशीं नसतो. सामान मात्र सर्वांपाशीं असतें. आपण आगगाडीनें जा, एस्‌. टी. नें जा किंवा पायीं जा. निघण्याच्या आदल्या रात्रीं ओसरीवरच्या ढिगापाशीं क्षणभर उभे राहून एवढेंच विचारावें, कीं ह्यांतील कोणती वस्तु आपल्यासाठीं येत आहे, आणि कोणत्या वस्तूसाठीं आपल्याच घरांतील कोणास राबावें लागणार आहे. उत्तर मिळालें म्हणजे बुणगे आपोआप घरीं राहतात. आमची ती लोखंडी ट्रंक आतां माडीवर आहे, आणि तींतील कोश आम्ही तेथेंच वाचतों.